बॉनेटच्या पलीकडे

ही गोष्ट माझा मामेभाऊ मोहसीनबरोबर खरंच घडली. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. तो स्वतः मात्र ती सहसा कुणाला सांगत नाही. भीतीने नाही... लाजेने.

मागच्या उन्हाळ्यातला शनिवार. दिवेलागणीची वेळ. लोणंदजवळची एक वस्ती.

मोहसीनचं शिरवळला गॅरेज आहे. जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा कुणी नाही. म्हणूनच वस्तीवरच्या मंगलकाकींनी त्याला बोलावलं होतं. त्यांचे यजमान लालासाहेब वारले तेव्हापासून अ‍ॅम्बेसिडर शेडमध्ये उभी होती. उद्या नात प्रांजल येणार होती, तिला स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं होतं.

"होईल का रं चालू?"

"काकी, माझ्या हाताला न्हाई म्हणालेली गाडी अजून बघितली न्हाई मी."

त्याने नवीन बॅटरी जोडली, बॉनेट उघडलं. काकी स्टिअरिंगवर बसल्या.

"मारा सेल्फ."

इंजिन फिरलं. चालू झालं नाही.

प्लग काढून बघितला. करंट होता.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होतं.

सगळं ठीक होतं. तरी इंजिन पकडेना.

"परत मारू?" काकी विचारायच्या.

"मारा."

असं कितीतरी वेळा झालं. मग तो म्हणाला, "थांबा आता, बॅटरी उतरंल." त्याने बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली आणि कार्बोरेटर साफ करायला वाकला.

शेडमध्ये शांतता होती. बाहेरची रातकिड्यांची किरकिरही थांबली होती...

आणि समोरचा इंजिनचा फॅन हलला.

हळूच. मग जोरात.

बॅटरीला वायर नव्हती.

"काकी, चावी सोडा."

फॅन फिरतच राहिला.

"काकी, सोडा म्हणतोय न्हवं."

"मला म्हणालास व्हय?"

आवाज मागून आला... दारातून. काकी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

मोहसीन पुन्हा गाडीकडे वळला. समोर उघडं बॉनेट. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मग पलीकडून कुणीतरी विचारलं... अगदी हळू, पुरुषाच्या आवाजात...

"परत मारू?"

मोहसीन पळाला. दारात काकी होत्या, त्यांना ढकलून पळाला. कप फुटल्याचं त्याने ऐकलं. काकी कळवळल्या, तेही ऐकलं. तरी तो थांबला नाही. थेट शिरवळला येऊनच मोटारसायकल उभी केली.

बायकोला, साबेराला, त्याने सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"आन त्यांना तिथंच सोडून आलासा?"

त्याला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी तो वस्तीवर गेला. काकींच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. त्या रागावल्या नाहीत, त्याला बसायला सांगितलं. त्याची मान वर होईना.

"चुकलो मी काकी. लालासाहेब हायत असं वाटलं... घाबरलो."

काकींनी शेडकडे बघितलं.

"त्यांना गाडी कवाच येत न्हवती रं. कायम मीच चालवायची."

शेडचं दार बाहेरून कडी लावून बंद होतं.

"तू गेल्यावर गाडी चालू झाली," त्या म्हणाल्या. "पहाटेपर्यंत चालू होती. आत जायचा धीर झाला न्हाई मला. तू तर अगदी म्होरं हुतास... कोण हुतं रं?"

मोहसीनने बघितलंच नव्हतं.

काकी अजून तिथे एकट्याच राहतात. मोहसीन अधूनमधून त्यांना फोन करतो. तब्येत विचारतो, हाताचं विचारतो.

शेडचं विचारायचं त्याच्या ओठांवर येतं...

आणि तो फोन ठेवून देतो.