बोर्डाचं दुसरं टोक

शहापूरच्या बाजारात भर दुपारी वावटळ उठली आणि हातातला जिप्समचा बोर्ड प्रेमालाच ओढून न्यायला लागला. टेम्पोत चढवायचा तेवढा एकच राहिला होता. टेम्पोवाला निवांत बिडी ओढतोय, नि फुकटचा तमाशा बघायला अख्खा बाजार. इतक्यात बोर्डाचं दुसरं टोक कुणीतरी घट्ट धरलं.

"सोडू नका... कोपरा तुटंल," पलीकडून आवाज आला. माणूस दिसेना, नुसते पायांतले कंपनीचे बूट.

"मी कशाला सोडू? तुमीच सोडू नका."

"आपण नाय सोडत."

बोर्ड टेम्पोत गेला तेव्हा तोंड दिसलं. धुळीनं माखलेलं, हसरं. रोशन नाव, वाशिंदच्या कारखान्यात कामाला.

"एवढ्या पाट्या कशाला?"

"घरात भिंत घालायचीय."

"कोण घालणार?"

"मी."

त्यानं तिच्याकडे असं काही बघितलं, की तिला राग यायला हवा होता. आला नाही, हीच तर पंचाईत.

प्रेमा शहापूरच्या दवाखान्यात नर्स. सापगावात तिनं स्वतःच्या कमाईचं घर घेतलं होतं. एकच लांबलचक खोली, तिच्या मधोमध भिंत घालून दोन करायच्या होत्या. मुरबाडकडच्या वाडीवरून तिच्या बाबांनी, कमळूंनी, निरोप धाडला होता : घरभरणीला येतो. घर राहण्याजोगं दिसलं तर रहा. नाय तर किन्हवलीचं स्थळ हाय, मुकाट लगीन करायचं. आणि कमळू एकदा बोलले की बोलले.

रोशन सुट्टीच्या दिवशी यायला लागला. दोघांनाही त्या कामातलं ओ का ठो कळत नव्हतं. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर बोर्ड टेकवायचा, स्क्रू मारायचे. एकानं धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं. धरणारा आणि पिळणारा यांच्यात वीतभरसुद्धा जागा उरत नाही, हे मात्र दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

"माझ्याकडं काय बघताय? लेवल बघा."

"लेवलच बघतोय... नाक जरा वाकडं हाय."

ती हसली आणि स्क्रू तिरका गेला. पुढच्या सुट्टीला 'तुमी'चं 'तू' झालं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

भिंत पुरी झाली, आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

"उद्या तू येऊ नको," प्रेमा खाली बघत म्हणाली. "बाबांना सांगितलंय, मी एकटीनं केलं."

रोशन हात पुसत राहिला. "म्हंजे मी सांगाड्यासारखा आतच र्‍हायचं. कुणाला दिसायचं नाय."

"तसं नाय रे..."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी शेजारीण लहानी डोकावली. "नव्या घराला शेणाचा हात नाय लावलास गो? अपशकुन." प्रेमाही वाडीवरच्या कुडाच्या, काठ्यांवर माती लिंपलेल्या घरात वाढलेली. तिनं सगळ्या भिंतींना तळाशी शेणाचा ओला पट्टा ओढला. विटांच्या भिंतींनी तो मुकाट्यानं घेतला. बोर्ड मात्र कागदाचा नि चुन्यासारख्या भुकटीचा. रातभर पाणी पीत राहिला. सकाळी बघते तर तळ फुगलेला, बोट लावलं तर आत जातंय.

प्रेमानं घड्याळ बघितलं. बाबांची मुरबाडची एस्टी निघालेली असणार. तिनं मोबाइल उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"रोशन... ये ना."

पलीकडून नुसता फोन कट झाला. ती भिंतीशी बसून रडायला लागली. बऱ्याच वेळानं तोंड पुसतेय तोच दारात सायकल पडल्याचा आवाज आला. रोशन, रात्रपाळीच्या कपड्यांतच.

"रडतेस काय? कापायची पाती दे."

त्यानं ओला पट्टा कापून काढला. बोर्डाचा उरलेला तुकडा तिनं त्या जागी दोन्ही हातांनी दाबून धरला. तो स्क्रू पिळत होता, ती त्याच्या कानाजवळचा घाम बघत होती. सांध्यावर पांढरं लुकण फासलं आणि दारात सावली पडली.

कमळू. काखेत फडक्यात गुंडाळलेला देवाचा फोटो. त्यांनी लेकीचे पांढरे हात बघितले, मग त्या पोराचे. चपला काढून सरळ भिंतीकडे गेले नि टिचकी मारली.

"पोकळ वाजतंय."

मग तळवे टेकवून त्यांनी सगळा भार टाकला. भिंत हलली नाही.

"एकटीनं उभी केलीस?"

हो म्हटलं की घर तिचं, किन्हवली टळली. रोशन स्क्रू गोळा करत होता, मान वर करत नव्हता.

"नाय, बाबा," प्रेमा म्हणाली. "दुसरं टोक यानं धरलेलं. पहिल्या बोर्डापास्नं. आणि... मला तोच हवाय."

कमळूंनी ओल्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग फोटोवरचं फडकं सोडलं.

"आपल्या कुडाच्या भिंतीलाबी खिळा कुठंबी मारून चालत नाय. आतली काठी हुडकावी लागते," ते म्हणाले आणि लेकीला ओलांडून रोशनपुढे उभे राहिले. "कुठं मारू? दाखव, जावयबापू."

रोशननं भिंतीवर बोट ठेवलं. ते आतल्या पट्टीपासून वीतभर लांब पडलं; शेवटी प्रेमानंच ते धरून जागेवर टेकवलं.