मर्यादा, वेळ, घंटा

आत आल्यावर ती नमस्कार करायचंही विसरली. खुर्चीत बसली आणि घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला.

"ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडला. ह्यांना जाऊन वीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही."

शोधकबाईंनी चष्मा लावला. गुप्तहेर होण्याआधी त्यांनी पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापलेला कागद दिसला की त्यांना तहानभूक सुचत नसे. शेजारी त्यांचे यजमान बसले होते. दंतवैद्यकीतून निवृत्त झाल्यापासून ते बायकोच्या कामात लुडबुड करत.

"हे औषधांच्या शीतगृहाचं सॉफ्टवेअर लिहायचे," ती सपाट आवाजात सांगू लागली. "तापमान आठ अंशांच्या वर गेलं की घंटा वाजते. त्या मंगळवारी वाजली नाही. फाइलमध्ये आठऐवजी अठ्ठावीस होतं. मुलांच्या लशी नासल्या."

"फाइल कुणाला बदलता येते?"

"ऑफिसात बसून कुणालाही. पण हे त्या दिवशी तापाने घरीच होते. पूर्वी सगळं बायनरीत साठवायचे, ते फक्त यंत्राला कळायचं. सहा महिन्यांपूर्वी ह्यांनी ते साध्या मजकुरात आणलं. प्रत्येक आकड्याच्या मागेपुढे त्याचं नाव, म्हणजे माणसालाही वाचता यावं. आता कंपनी म्हणते, ह्यांच्या प्रोग्रामनेच चुकीचा आकडा लिहिला. नवव्या दिवशी ह्यांचं हृदय बंद पडलं. आदल्या संध्याकाळी मोठ्या भाऊजींना जेवायला बोलावलं होतं, तेव्हा बरे होते." ती थांबली. "उद्या अहवालावर सह्या होतील. त्यात ह्यांचं नाव नको. एवढंच."

कागद म्हणजे त्या मंगळवारच्या फाइलची प्रत होती. तीन ओळी: मर्यादा, वेळ, घंटा. शेजारी पेन्सिलीने बारीक आकडे: २, ३, १.

"चाळा म्हणून लिहिलं असेल," यजमान म्हणाले.

"अहो, दात मोजताना तुम्ही चाळा करायचात का?"

दुपारी नवरा-बायको दोघं त्या ऑफिसात गेली. व्यवस्थापकांनी हात झटकले. "मला ती फाइल उघडताही येत नाही. बायनरीत काय कुठे असायचं, तेही माहीत नाही."

प्रोग्रामच्या चाचण्या घेणारी मुलगी चार महिन्यांपूर्वी लागलेली. "बायनरी मी पाहिलीच नाही. आमचा प्रोग्राम नावं वर्णक्रमाने लिहितो. वाचताना मात्र क्रम कसाही चालतो, कारण तो नाव शोधतो."

तिसरे होते तिचे मोठे भाऊजी, त्याच कंपनीतले. बायनरीची पद्धत त्यांनीच बांधलेली, धाकट्या भावाला नोकरीला लावलंही त्यांनीच.

"आमच्यात आकड्याला नाव नसतं, जागा असते. मर्यादा, वेळ, घंटा. मधेच काही हलवलं की पुढचं सगळं सरकतं. म्हणून नोंद नेहमी पहिल्यापासून लिहायची. तीस वर्षं तेच केलं. त्याच्या नव्या फाइलला मी हातही लावलेला नाही."

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. कागद आणणारी तीही आली.

"प्रोग्रामने लिहिलं असतं, तर क्रम घंटा, मर्यादा, वेळ असा असता," बाई म्हणाल्या. "इथे मर्यादा आधी आहे. म्हणजे हे प्रोग्रामने नाही, माणसाने लिहिलंय."

"पण आकडाच तेवढा बदलला असता की," यजमान म्हणाले.

"तुम्ही-मी तेच केलं असतं. पहिल्यापासून नोंद लिहायची खोड बायनरीवाल्याची. आणि हा क्रमही बायनरीचा. व्यवस्थापकांना तो ठाऊक नाही, ह्या मुलीने तो पाहिलेला नाही, आणि ह्यांच्या यजमानांना ठाऊक होता, पण ते तापाने घरी पडले होते. उरलात तुम्ही."

भाऊजींनी त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं.

"एक दिवस गोंधळ होईल, मग सगळे जुन्यावर परत येतील, असं वाटलं होतं. लशी नासतील, हे डोक्यातच आलं नाही."

व्यवस्थापकांनी अहवाल पुढे ओढला आणि एका नावावर काट मारली.

"आणि हे २, ३, १?" यजमानांनी विचारलं.

"प्रोग्रामने कोणती ओळ कितवी लिहिली असती, ते. त्यांनी ओळखलं होतं. पण बोलले नाहीत."

"बोलला," भाऊजी म्हणाले. "त्या संध्याकाळी जेवताना विचारलं त्याने. दादा, तुला काही सांगायचंय का? मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे."



"मीठ बरोबर होतं, भाऊजी," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.