पायाभरणीच्या सकाळी

डोणगावात अर्जुनरावांच्या नव्या घराचा पाया खोदून झाला, आणि त्यांची लेक संजीवनी पाहते तर काय… खड्ड्यात एक अनोळखी तरुण गुडघे टेकून माती चुरून बघतोय!

"ओ भाऊ, खड्ड्यात काऊन उतरले?"

"भाऊ सोडून काहीबी म्हणा… लगेच वर येतो."

तो सुलतानपूरचा भागवत. मेक्सिकोत उत्खननात सापडलेल्या हाडांची चित्रं काढायचा. सुट्टीत इथे मावशीकडे आलेला. मग काय, आठवडाभर रोज खड्ड्यापाशी हजर! त्याच्या मातकट बोटांकडे बघायची तिला सवयच लागली. सोमवारी तो दोन वर्षांसाठी परत जाणार होता, आणि तिच्या मनातलं अजून ओठांवर आलं नव्हतं.

पायाभरणीच्या सकाळी ती सुपारी, चांदीचा नाग मांडत होती. अर्जुनराव नारळ घेऊन मागेच उभे. भागवत सहज बोलून गेला, "तिकडे पूर्वी पिरॅमिड वाढवताना खाली माणसं पुरत. हात मागं बांधून. संगं गरुड, लांडगे… काही तर जिवंतच."

तिच्या हातून सुपारी गळाली. "त्या माणसाईले कोणी इचारलं तरी का?"

"बांधलेल्याले कोण इचारते?"

तिने सुपारी उचलून पुसली.

तेवढ्यात गुरुजी आले. ते गावात नवीन. पूजेला बसणारे तिचे भाऊ-भावजय, दीपकदादा-वहिनी, अजून मेहकरहून पोचले नव्हते, मुहूर्त टळत होता. गुरुजींनी खड्ड्यापाशी जोडी पाहिली, भागवतच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि तिच्या ओढणीशी गाठ मारूनही टाकली!

संजीवनी गार पडली.

भागवतने शांतपणे गाठ सोडली. कान मात्र लालबुंद. "आधी तुले इचारतो… दोन वर्सं थांबशीन माह्यासाठी?"

"नाही थांबणार."

त्याचा चेहरा पडला.

"मलेबी संगं यायचं हाये," ती म्हणाली. चारचौघांत, बापासमोर! तिचा तिलाच धक्का बसला. "बाबा इथंच हायेत. इचार त्याईले."

अर्जुनराव विटांच्या ढिगावर मटकन बसले. त्यांनी नारळ मांडीवर ठेवला आणि भागवतकडे पाहिलं.

"तिथं… आता तर पुरत नाहीत ना बे कोणाले?"

"नाही हो," भागवत कसाबसा म्हणाला. आणि संजीवनीने सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.