शंभराव्या पानावरचे दहा चौकोन

"ही वही दुसरीतल्या मुलांसाठी असते," यमुनाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुमच्यापैकी दुसरीत कोण आहे?"

रविवारची संध्याकाळ होती. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात ऋतुजा आणि एका अनोळखी तरुणाने मोठ्या चौकोनांची शंभर पानी वही एकदमच मागितली होती. बाहेर सर येऊन गेली होती. त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं.

"भाचीला हवीय," ऋतुजा म्हणाली.

"मलाही... भाचीसाठीच," तो म्हणाला. पण त्याच्या खिशातून जपानी अक्षरांचा तक्ता डोकावत होता. ऋतुजाला हसू आवरेना. तसाच तक्ता तिच्याही पिशवीत होता!

त्याचं नाव संतोष. मूळचा वाशिमचा, आता वाघोलीजवळच्या कारखान्यात कामाला. नव्या यंत्राच्या पडद्यावर सगळं जपानी. "यंत्र रोज काहीतरी सांगते, अन् मी नुसता मान डोलावतो." ऋतुजाचं कारण वेगळं होतं. गिटार, विणकाम, पोहणं... तिचं सगळं पहिल्या आठवड्यापुरतं, असं घरचे चिडवत. जपानीचाही हा तिसरा प्रयत्न.

"नंबर देता का? अडलं तर विचारता येईल."

"वही भरली की देईन," ऋतुजा म्हणाली. "रोज एक पान. आजपासून शंभराव्या दिवशी, सहा वाजता, इथेच."

"अन् मधे अडलं तर?"

"तर... रविवारी मी इकडे येतेच." तिचं तिलाच नवल वाटलं. ती कुठे येत होती दर रविवारी!

मग दुकानाच्या पायरीवर वह्यांची अदलाबदल सुरू झाली. ती सकाळी चहाला उकळी येईपर्यंत लिहायची, तो बसमध्ये शब्द घोकायचा.

"पाऊस?"

"आमे."

"मांजर?"

"नेको. अन् तुम्ही आत्ता बघता तसं बघण्याला काय म्हणतात?"

"ते पुढच्या धड्यात आहे."

"पायरी गिऱ्हाइकांसाठी आहे, शाळेसाठी नाही," आतून यमुनाबाई. पण पुढच्या रविवारी पायरीवर पुठ्ठा अंथरलेला होता.

अकरा रविवार असे गेले. बाराव्याला संतोष आला नाही. तेराव्यालाही नाही. ऋतुजाकडे त्याचा नंबर नव्हता, आणि तो तिच्याच नियमामुळे! त्या संध्याकाळी तिने वही कपाटात टाकली. झालं, याही वेळी सुटलं.

सकाळी चहा उतू गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं — वही सोडली, तर शंभरावं पान उरणारच नाही. आणि त्याला गाठायची तेवढी एकच जागा होती. तिने ओल्या बोटांनीच वही काढली.

शंभरावा दिवस सोमवारी आला. सहा वाजले. सव्वासहा... यमुनाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "वाट बघू नये असं मी म्हणत नाही. उभ्याने बघू नये."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि संतोष उतरला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या काखेत वही.

"बसनं उशीर केला, बाप्पा! जिन्यावरून पडलो होतो. आईनं गावाला नेलं, ते आज सोडलं."

ऋतुजाने पुढे होऊन त्याला पायरीवर बसवलं. मगच राग आला. "चार रविवार!"

"आधी वही तर बघा."

बहात्तर पानं सुबक होती. त्र्याहत्तराव्यापासून अक्षरं वाकडी, चौकोनाबाहेर सांडलेली. डाव्या हाताची. पण रोजची तारीख होती, एकही सुटली नव्हती.

"मी येईन, याची खात्री होती?"

"कुठली खात्री? पण मीच सोडलं असतं, तर इथे कुठल्या तोंडानं आलो असतो?"

शंभराव्या पानाच्या शेवटी तिची नजर थांबली. "हे अपुरं आहे. दहा चौकोन राहिलेत."

"ते माझे नाहीत," तो हळूच म्हणाला. "नंबर दहा आकडीच असतो नं?"

यमुनाबाईंनी न मागता पेन्सिल दिली. ऋतुजा एकेका चौकोनात एकेक आकडा लिहीत गेली. दहावा रेघेबाहेर गेला.

"बाहेर गेला," संतोष म्हणाला.

"जाऊ दे."

तो हसला आणि आत वळला. "काकू, नव्या दोन वह्या द्या."

"एकच द्या," ऋतुजा खाली बघत म्हणाली. "एकीत... दोघं लिहू."

यमुनाबाई वरच्या फळीकडे हात नेत म्हणाल्या, "मग दोनशे पानी देते."