राखणदाराला दिलेलं घर

गंधार, तो मोबाइल पालथा ठेव. आणि श्रिया, मध्येच 'आजोबा, पुरे' म्हणायचं नाही हां, आधीच सांगतो. ही माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. दत्तप्रसाद माझा विद्यार्थी. गणितात भोपळा, पण मनाने सरळ.

गेल्या श्रावणातली अमावास्या, शनिवार. रात्री पावणेनऊला दत्तू स्कूटरवरून बाजारात निघाला, प्यायच्या पाण्याचा जार आणायला. त्याच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं. बायको पिंगुळीला माहेरी. घरात एकटी आई, आनंदीबाई, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. अर्ध्या तासाचं तर काम, म्हणून त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं.

आता विहीर खारट का झाली? घरासमोर खाडीकाठी त्यांचं खाजण होतं, भरतीत बुडणारी चिखलाची जमीन. भरतीचं पाणी तिथे पसरायचं, कांदळाच्या मुळांत जिरायचं, ओहोटीला मुकाट परत जायचं. चिंगळं, खेकडे, तिसऱ्या, सगळ्या वाडीचं कालवण तिथून यायचं. दोन वर्षांपूर्वी दत्तूने ते एका रिसॉर्टवाल्याला विकलं. डंपरनी लाल माती ओतली, पुरुषभर उंच. आनंदीबाई खाटेवरून ओरडत होत्या, "अरे, अवसेच्या भरतीचा पाणी आता खंय जातला?" ते विहिरीत झिरपायला लागलं.

विकलं ते एक वेळ समजू. पण त्या खाजणात राखणदार होता. कांदळाखाली नुसता एक दगड. वर्षाला नारळ घेणारा, वाडी राखणारा. त्याला मातीखाली गाडायचं कसं? मग या शहाण्याने तो दगड उचलून आपल्या अंगणात आणला आणि गाऱ्हाणं घातलं, "तुझी जागा आमी घेतली, महाराजा. आता माझा घर ता तुझा घर. तुझा जा काय आसा, ता घेऊन ये."

जमलेले सगळे 'होय महाराजा' म्हणाले. मीसुद्धा म्हणालो. त्याची मला आज लाज वाटते.

तर... सव्वानऊला दत्तू परतला. वाडीच्या वळणावर स्कूटर बंद पडली. रस्त्यावर पाणी होतं. पाऊस नव्हता.

आधी घोटाभर. मग गुडघाभर. पाणी भरावाला वळसा घालून सरळ त्याच्या अंगणात शिरत होतं. शेजारच्या बाबलीच्या अंगणात थेंब नाही.

"आये!"

...

"आये, ओ दी गो!"

आतून आवाज आला. पाण्यातून कोणी तरी चालत होतं. सावकाश. एक पाऊल... मग दुसरं...

किल्ली हातातून निसटली. पाण्यात चाचपडला. सापडेना. दारावर डोकं आपटून रडायला लागला. "चुकलंय, महाराजा! सगळी माती काढतंय. माका ने. पण माझ्या आवशीक सोड!"

बोलताना त्यालाच ठाऊक होतं, जमीन आता त्याची नाही. माती काढणार कशी?



आतली पावलं थांबली...

आणि पाणी उतरलं. एकदम.

बाबली धावत आला. दोघांनी कुलूप फोडलं. घरातली लादी कोरडी. खाटेवर आनंदीबाई, गळ्यापर्यंत पांघरूण. श्वास नव्हता. दत्तू जो ओरडला, तो आवाज मी माझ्या ओटीवर ऐकला. अजून कधी कधी ऐकू येतो, खोटं कशाला बोलू.

मी पोचलो तेव्हा बाबली पांघरूण बाजूला करून नुसता बघत उभा होता. आनंदीबाईंचे दोन्ही पाय, सहा वर्षं जमिनीला न लागलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. ओला, गार, काळा चिखल. खाजणाच्या वासाचा.

भरावाची माती लाल आहे, पोरांनो. तो काळा चिखल दोन वर्षं त्या मातीखाली गाडलेला आहे. पुरुषभर खोल.