दोन सकाळींची वजाबाकी

कॅमेरा आल्यावर पहिल्या आठवड्यात धाकटीने केलेल्या चुका कोणीही नवशिका करतो त्याच होत्या. पहिल्या दिवशी तिने बाबांची खुर्ची खिडकीला पाठ करून ठेवली आणि उजेड मागून आल्यामुळे चेहरा दिसेचना. दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला कार्ड भरलं. तिसऱ्या दिवशी ढग आला, तसा कॅमेऱ्याने आपल्या मनाने उजेड वाढवला, ढग गेल्यावर कमी केला, आणि बाबा दहा मिनिटं वातीसारखे कमीजास्त होत राहिले. मग ती पुस्तिका घेऊन बसली. उजेड, रंग, अंतर, सगळं तिने कॅमेऱ्याकडून काढून आपल्या हातात घेतलं. स्टॅन्डच्या तीन पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. बाबांच्या खुर्चीच्या पायांभोवतीही केल्या.

"आल्या आमच्या डायरेक्टरीणबाई," वहिनी दारातून म्हणाली. "वन्सं, हिरोला पावडर लावायची राहिली की."

धाकटीने चिकटपट्टीचं शेवटचं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. ती या घरात महिनाभरासाठी आली होती, आणि तिची बॅग वहिनीने अजून दारापाशीच ठेवायला लावली होती.

बाबांना झटका येऊन पाच महिने झाले होते. बसवलं की बसत, भरवलं की गिळत. बोलत नव्हते, बोटही हलवत नव्हते. दादाने गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात खाट बघून ठेवली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी थोडी मुदत मागून घेतली.

"रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा," त्या म्हणाल्या. "एकविसाव्या दिवशी मी येते. जराही हालचाल दिसली तर घरीच ठेवू, उपचार वाढवू. नाहीतर हलवा तिकडे. तुमचेही हाल थांबतील."

धाकटीने रजा टाकली ती यासाठी. बाबांनी जन्मभर कारखान्यात माल तपासला, नापास मालावर लाल खडूने फुली मारली. घरी आल्यावरही नजर तीच असायची, आणि त्या नजरेतून धाकटी कधी पास झाली नाही. शेहेचाळीस वर्षांत ते तिच्याशी एक शब्द मायेने बोलले नव्हते. ते तिकडे गेले, की तो शब्द राहूनच जाणार होता.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे यंत्रावर आधी शुद्ध पाण्याचा आकडा घ्यायचा आणि तो नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचा. उरतं ते खरं. अकराव्या दिवशी तिला वाटलं, व्हिडिओचंही असं करता येईल. कॉम्प्युटरवर व्हिडिओ कापायच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय होती. एका दिवसावर दुसरा दिवस ठेवायचा आणि दोन्हींतला फरक तेवढा मागायचा. जे जसंच्या तसं आहे ते काळं होतं, जे बदललं ते उजळतं. डोळ्यांना न दिसणारी हालचालसुद्धा त्यात सापडली असती.

तिने दहाव्या दिवसावर अकरावा ठेवला. खिडकीच्या पडद्याची कड उजळली, भिंतीवरचा उन्हाचा तुकडा उजळला, बाबांच्या खांद्यांभोवती बारीक पांढऱ्या रेघा आल्या. त्या श्वासाच्या होत्या. दोन्ही दिवशी बटण वेगवेगळ्या सेकंदाला दाबलं होतं, म्हणून ती वरचं चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवू लागली. एका सेकंदात अशा पंचवीस फ्रेम. एकतीस. बत्तीस. तेहतीस.

चौतिसाव्या फ्रेमला बाबा गेले.

पडदा होता, ऊन होतं, खुर्चीची पाठ होती. मधोमध बाबांच्या आकाराचं काळं भोक होतं.

ती घाबरली ती दाण्यांमुळे. कॅमेऱ्याच्या कुठल्याही चित्रात बारीक दाणे असतात आणि ते दर क्षणी वेगळे पडतात. दगडाचे दोन व्हिडिओ वजा केले तरी राखेसारखं काहीतरी वळवळत उरतंच. तिने दुपारी रिकाम्या खुर्चीवर चादर टाकून दोनदा करून पाहिलं. राख उरली. बाबांच्या जागी मात्र उजेडाचा आकडा शून्य होता. कपाळावर शून्य, छातीवर शून्य, दहाही मिनिटं. तिने नववा दिवस ठेवून पाहिला, मग आठवा. प्रत्येक वेळी सरकवता सरकवता एक जागा सापडे, जिथे ते नाहीसे होत.

तिने दादाला बोलावून दाखवलं.

"हे काळं काय आहे?"

"फरक नाही तिथे काळं येतं. दादा, माणूस असं बसूच शकत नाही. त्यांचा श्वाससुद्धा रोज त्याच क्षणी..."

"म्हणजे फरक नाहीच ना?" दादा म्हणाला. "मग मी पाच महिने वेगळं काय सांगतोय?"

"मशीनच बोललं ते बरं झालं," वहिनी म्हणाली. "नाहीतर उद्या आमच्या नावानं खडे फोडले असते."

तेराव्या सकाळी तिने कॅमेरा चालू केला आणि बाबांशेजारी स्टूल ओढून बसली. कोणाचा हात लागला तर काही हलेल, एवढाच तिचा विचार होता. त्यांचा उजवा हात तिने आपल्या डाव्या हातात घेतला. तो गार नव्हता आणि गरमही नव्हता. चौदाव्या सकाळी ती पुन्हा तशीच बसली आणि मग ते दोन दिवस एकमेकांवर ठेवले.

ती स्वतः सगळी उजळली होती. दोन दिवस कोणी सारखं बसत नाही. फक्त तिचा डावा हात मनगटापर्यंत काळा होता. आणि बाबांच्या मांडीवर, त्यांच्या मोकळ्या हाताच्या अंगठ्याच्या जागी, एक पांढरा ठिपका लुकलुकत होता.

तिने मूळ व्हिडिओ लावला. अंगठा हलत होता. साध्या डोळ्यांनी दिसत होता.

दादाने तो तीनदा पाहिला. "खाटेचं तिकडे अजून पक्कं कळवू नकोस," तो वहिनीला म्हणाला. धाकटीकडे त्याने पाहिलं नाही.

संध्याकाळी चहाचा कप उचलताना तिच्या डाव्या हाताची बोटं मिटेनात. दुखत नव्हतं, मुंग्या आल्या नव्हत्या. बोटं कोणीतरी ठेवून दिल्यासारखी तिच्या मांडीवर होती.

"आता तुमचा हात राहिला का?" वहिनीने कप जवळ सरकवला. "म्हणजे एकाचं करून संपेपर्यंत दुसऱ्याचं करायचं आम्ही."

सोळाव्या दिवशी तिचा हात कोपरापर्यंत काळा आला, आणि बाबांनी मूठ उघडून मिटली. अठराव्या दिवशी काळं तिच्या खांद्यापर्यंत चढलं होतं. बाबांनी मान वळवली. बाबांचं जेवढं सुटत होतं तेवढं तिचं अडकत होतं. यात समजायला अवघड असं काही नव्हतं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने विचारलं असतं, मग तुझं म्हणणं काय, त्यांना तिकडे पाठवायचं?

अंगठा, मूठ, मान. डॉक्टरीणबाईंना एवढं पुरे होतं. एकोणिसाव्या दिवशी ती स्टुलावर बसली नाही, कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

बाबांचं काही हललं नाही. मान समोर, मूठ बंद, अंगठा मांडीवर. दहाही मिनिटं.

"आज काय झालं?" दादा मागे येऊन उभा होता. "परवा डॉक्टरीणबाईंना हे दाखवायचं? आणि मी तिकडची खाट सोडून बसलोय. जे करत होतीस ते कर ना."

तिचा हात परत आला नव्हता.

विसाव्या सकाळी ती बसली. दोनच मिनिटं, असं तिने ठरवलं होतं. दोन मिनिटं झाल्यावर तिने उजव्या हाताने आपला डावा हात सोडवायला घेतला.

बाबांची बोटं त्यावर मिटली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तीच नजर, मालावरून फिरणारी.

"हलू नकोस," ते म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. वहिनी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, हाकेच्या अंतरावर. धाकटीने हाक मारायला तोंड उघडलं. ते उघडलं की नाही, हे तिला कळलं नाही.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई ठरल्या वेळी आल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. तो कोणी चालू केला आणि आपण स्टुलावर येऊन बसलो की कोणी बसवलं, हे धाकटीला आठवेना.

बाबा खुर्चीचा हात धरून उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

दादा डोळे पुसू लागला. वहिनी म्हणाली, "रात्रंदिवस राबलो, तेव्हा हे दिसतंय."

"कमाल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता तिकडे न्यायचा प्रश्नच नाही. घरीच राहतील." मग त्या स्टुलाकडे वळल्या. "व्हिडिओ तुम्हीच काढलेत ना? फार नेटाने केलंत."

वहिनी स्टुलाजवळ आली.

"वन्सं, अहो, तुमच्याशी बोलतायत त्या."

"बसू दे तिला," बाबा म्हणाले. "आत्ता कुठे नीट बसायला शिकली."

दादा हसला. मग वहिनीही हसली. बाबांनी डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या खोलीत चलायची खूण केली आणि सगळे त्यांच्यामागून गेले. दार लोटल्याचा आवाज आला.

धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती, कारण काल या क्षणी ती तिकडेच बघत होती. तिच्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या. त्या तिने मिटल्या नव्हत्या.

पुढची उघडझाप, कालच्यासारखीच, सव्वीस सेकंदांनी होती. ती वाट पाहू लागली.