दोनदा मोजलेला फेरा

मालवणच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी उभारलेल्या ‘शंखिनी’ केंद्रात शलाका सुट्टीला आली होती. तिची आत्या, डॉ. मेधा खोबरेकर, तिथे प्रवाळांचा अभ्यास करायची. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. आज मात्र सकाळपासून शलाकाचं डोकं जड झालं होतं. दुपारी भिंतीवरचा तांबडा दिवा लागला आणि ती आत्याकडे धावली.

“कार्बन डायऑक्साइड वाढतोय,” आत्या म्हणाली. आवाज शांत होता, पण कपाळावर घाम डवरला होता. “म्हणजे पंखा हवा गाळणीतून नीट फिरवत नाहीये. पण त्याचे फेरे मोजणारं यंत्र तर सांगतंय, सेकंदाला चार फेरे. अगदी हवे तेवढेच!”

“मग आपण वर जाऊया ना!”

“पाणबुडी संध्याकाळशिवाय येत नाही गं.” आत्याने रेडिओवरून किनाऱ्याला हाक दिली. नुसती खरखर ऐकू आली.

शलाका जाळीला नाक लावून पंख्याकडे बघत राहिली. एरवी त्याची पाती दिसायची नाहीत. आज एक लाल पातं मात्र वर येताना, खाली जाताना चक्क दिसत होतं.

“आत्या, तू घड्याळ बघ. मी लाल पातं मोजते.”

धाप लागत होती, तरी तिने मोजलं. दहा सेकंदांत वीसच फेरे.

“चाळीस हवे होते!” आत्या ताडकन उठली. “यंत्र एकेक फेरा दोनदा मोजतंय. पंखा चालवणाऱ्या संगणकाला वाटलं, तो दुप्पट वेगाने पळतोय. म्हणून त्याने वेग निम्म्यावर आणला.”

“पण यंत्र चुकेल कसं?”

आत्याने यंत्राचा पडदा चालू केला. त्यावर ओळीने डोंगर उमटत होते. “पात्यावर चुंबक आहे. ते तारेच्या वेटोळ्याजवळून गेलं की विजेचा एक डोंगर उठतो. ही आडवी रेघ म्हणजे उंबरठा (ओलांडला की एक मोजायचं, अशी ठरवलेली पातळी). सेकंदाला किती वेळा ओलांडला, ती झाली वारंवारता.”

शलाकाने डोळे बारीक केले. प्रत्येक डोंगराच्या चढावर एक छोटा खळगा होता. डोंगर रेघेच्या वर चढायचा, खळग्यात खाली उतरायचा, पुन्हा वर चढायचा.

“दारात एकच माणूस आत-बाहेर, आत-बाहेर केल्यासारखं! दोन माणसं आली असं वाटतंय त्याला!”

“बरोब्बर! काल आतल्या भिंतीला भोक पाडताना उडालेला लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला असणार. उंबरठा खळग्याच्या वर न्यायचा. पण शलाका, पंखा मंदावलाय, म्हणून डोंगरही बुटके झालेत. रेघ शिखराच्या वर गेली, तर मोजणी शून्य होईल. पंखा तुटला असं समजून संगणक ही खोली बंद करून टाकेल. मी पडद्याकडे बघते. बटण तू फिरव, अगदी हळू.”

शलाकाच्या कानांत नुसता छातीच्या ठोक्यांचा आवाज. तिने बटण केसभर फिरवलं.

“अजून. अजून थोडं... थांब!”

यंत्रावरचा चारचा आकडा नाहीसा झाला. आकडाच नसलेला तो क्षण शलाकाला संपता संपेना. मग तिथे दोन उमटला. खरा आकडा!

संगणकाला आता कळलं, पंखा फारच हळू फिरतोय. घरघर वाढली. लाल पातं पुसट झालं, मग दिसेनासं झालं. तोंडावर गार झुळूक आली तशी शलाका आत्याला बिलगून मोठ्याने रडली. आत्याचेही हात गार पडले होते.

तांबडा दिवा विझल्यावर आत्याने पंखा क्षणभर थांबवून चुंबकावरचा कीस पुसला. मग तिने खाली दुसरी रेघ लावली. “आता वरची रेघ ओलांडल्यावर खालचीच्याही खाली उतरल्याशिवाय पुढचा फेरा मोजला जाणार नाही. मधले खळगे गेले वाऱ्यावर!”

संध्याकाळी पाणबुडीचे दिवे दिसले. शलाका सामान भरता भरता थबकली.

“पुढच्या वर्षी याहून खोल केंद्र होणार आहे ना? मला नेशील?”

“भीती नाही वाटायची?”

“वाटेल की. पण तिथल्या पंख्याला दोन उंबरठे मी लावणार.”